होडी नंबर एक

धनत्रयोदशीच्या सकाळी अकराच्या सुमारास अंकुरनं विंचला, म्हणजे जाळं ओढायच्या यंत्राला, झेंडूचा हार घातला, तिच्या लोखंडी पोटावर हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, नारळ फोडला. एक वाटी खाडीला दिली, दुसरी जेटीवर जमलेल्यांत वाटायला घेतली. फटाक्यांची माळ बुधवारीच वाजून झाली होती. बुधवारी पेपरात बातमी होती, कोलंबीचा खटला भारत जिंकला, जिनिव्हात अमेरिका हरली. त्या दिवशी सारसोळ्यात जिनिव्हा कुठं आहे हे विचारणारे पंधरा निघाले आणि सांगणारे वीस.

अंकुर खोबरं वाटत असतानाच कैनात रिक्षातून उतरली. हातात फॅक्सची गुंडाळी होती. बापाच्या वाशीच्या ऑफिसातल्या मशीनमधून सकाळी निघालेला तो कागद फाडून पानं करायलाही ती थांबली नव्हती. एक टोक मुठीत, दुसरं वाऱ्यावर. कोलंबी परदेशी पाठवणाऱ्या अब्दुर्रहमानची ही थोरली मुलगी लॉच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कुठलाही कागद आला की शेवटचं पान आधी वाचायची तिला खोड होती. त्या खोडीपायी घरातली दोन लग्नं मोडता मोडता राहिली होती.

"अंकुर, हे काय बसवलंस?"

"विंच. सेकंडहॅण्ड आहे, पण मशीन एकदम टॉप." त्यानं तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "खा. जिंकलो ना आपण."

"हिनं जाळं ओढलं का एकदा तरी?"

"आज दुपारी पहिल्यांदा. साहेबासमोरच उद्घाटन."

कैनातनं खोबरं तोंडात टाकलं नाही. "साहेब दोन वाजता काय बघायला येतोय?"

"आपण कोलंबी कशी धरतो ते."

"हातानं धरतो की नाही ते."

"ते आधी होतं गं. आता जिंकलो. फॉर्म गेला."

"फॉर्म कुठंही गेलेला नाही," कैनात म्हणाली, आणि इतकं हळू म्हणाली की अंकुरचा खोबरं वाटणारा हात तसाच राहिला. "आजी घरी आहेत? अब्बा पोचतच असतील. तूही चल. आणि तो हार काढ आधी."

हार त्यानं काढला नाही. पण खोबऱ्याची वाटी तिथंच ठेवून तो तिच्या मागं घराकडे निघाला.

शहाण्णवच्या मे महिन्यात अमेरिकेनं दार लावून घेतलं होतं. ज्या जाळ्यांत कासव अडकून बुडतं त्या जाळ्यांतली कोलंबी आमच्याकडे नको, असं तिथला कायदा म्हणाला. दाराला एक फट तेवढी राहिली होती. यंत्र न लावता माणसांनी हातानं ओढलेल्या जाळ्याची कोलंबी चालेल, पण तसं निर्यातदारानं फॉर्मवर लिहून द्यायचं आणि खाली सरकारी अधिकाऱ्यानं सही करायची. ती फट अब्दुर्रहमाननं हेरली. त्याचा बाप पनवेलच्या बंदरात सुकी मासळी घ्यायचा, तेव्हापासून अंकुरच्या आजीच्या, चंद्राबाईच्या घराशी त्यांचं येणंजाणं. सारसोळ्याच्या सात होड्या अजून हातानं जाळं ओढत होत्या. इतकी वर्षं ज्याची लाज वाटायची तीच आपली ऐट आहे, हे गावाला एका दिवसात कळलं. यादी झाली. पहिल्या नंबरला अंकुरच्या बापाची, जयदेवची होडी, म्हणजे कागदोपत्री त्याच्या आईची, चंद्राबाईची. त्याच संध्याकाळी चंद्राबाईनं घरात सांगून टाकलं: मी जिवंत हाय तवर या होडीला यंत्र लागायचं नाय.

सांगताना तिनं कोणाला विचारलं नव्हतं. तिला विचारायची सवयच नव्हती, आणि आपल्याला कोणी विचारेल याची घरालाही.

दोन वर्षं सही टेबलावर बसून मिळाली. यंदा नवा साहेब आला आणि म्हणाला, आधी डोळ्यांनी बघेन. यादीतली पहिली होडी, दुपारची ओहोटी. पाणी उतरलं की जेटीभोवती नुसता चिखल, म्हणून अडीचच्या आत होडी सुटली पाहिजे. सही झाली तर सातही होड्यांची कोलंबी दिवाळीच्या कंटेनरमधून न्हावाशेव्याहून निघणार. नाही झाली तर सातांचीही इथंच राहणार.

चंद्राबाई ओटीवर बसली होती. बाहेरच्या गडबडीचा अर्थ तिनं आपल्या परीनं लावला होता: साहेब येतोय म्हणून नातवानं नारळ फोडला, बरं केलं. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ती तयार होती. अब्दुर्रहमान आपल्या मारुती व्हॅनमधून उतरून आला आणि चपला काढतानाच म्हणाला, "काकी."

चंद्राबाईनं मान वर केली. तराजूचा काटा मधे असला की हा माणूस चंद्राबाय म्हणतो, आणि काकी म्हणाला की काहीतरी पाहिजे असतं नाहीतर काहीतरी फुटलेलं असतं. ती पण काही कमी नव्हती. एरवी रेहमान, आणि रागात अब्दुर्रहमानशेट.

"बोल रेहमान. काय फुटलं?"

"आधी कैनातला बोलू द्या. ती वाचून आलीये."

कैनातनं गुंडाळी ओटीवर सोडली. कागद घरंगळत पार उंबऱ्याशी गेला. आत चकलीचं पीठ मळत असलेली मीना, जयदेवची बायको, कागद बघून तशीच दारात येऊन उभी राहिली. जयदेव पायरीवर बसला होता, पाठ सगळ्यांकडे, तोंड खाडीकडे.

"आजी, तक्रार चार देशांनी मिळून केली होती. भारत, थायलंड, मलेशिया आणि पाकिस्तान."

"पाकिस्तान पन आपल्या बाजूनं?"

"मे महिन्यात एकमेकांना बॉम्ब दाखवले," अब्दुर्रहमान म्हणाला, "आणि तिकडे एका बाकावर."

"जावाजावा अशाच बसतात," चंद्राबाई म्हणाली. "सासू समोर असली की. मंग, जिंकलो का हरलो?"

"दोन्ही."

"पोरी, मना वकिली नको सांगू. दोन वाजता सायेब येतोय."

"सांगते. जागतिक व्यापार संघटना म्हणून आहे, जिनिव्हाला. देशादेशांनी करार केलेत, आणि कोणी करार मोडला असं वाटलं की तिथं जायचं. आधी पंच बसतात. त्यांचं पटलं नाही तर वर अपील. अमेरिका अपिलात गेली होती. अपिलाचा निकाल हा." तिनं मधली एक जागा बोटानं धरली. "ते म्हणतात, कासव वाचवायचा तुमचा हेतू रास्त आहे. तसा कायदा करायला हरकत नाही. पण लावायची रीत चुकली."

"रीत म्हंजे?"

"तिकडच्या, त्यांच्या शेजारच्या देशांशी अमेरिका बसून बोलली. जाळी बदलायला त्यांना तीन वर्षं दिली. आपल्या बाजूच्या देशांशी तसं कोणी बोललंच नाही. चार महिन्यांत बदला नाहीतर दार बंद."

"मंग चूक त्यांची. दार उघडा म्हनाव."

"तसा हुकूम ते करू शकत नाहीत. एवढंच सांगतात की तुमचं वागणं करारात बसत नाही, सुधारा. कसं सुधारायचं ते अमेरिका ठरवणार. अमेरिकेनं ऐकलंच नाही तर आपण परवानगी घेऊन त्यांच्या मालावर जकात वाढवायची."

"शिपाई नाय त्यांच्याकडे?"

"एकही नाही."

चंद्राबाईला हे एकदम ओळखीचं वाटलं. "आमच्या पंचायतीवानी झालं. दोष सांगनार, दंड सांगनार, आनि वसूल ज्याचा त्यानं करायचा." तिनं कागदाकडे आदरानं बघितलं. "आनि तवर?"

"तोवर कायदा तसाच. फॉर्म तसाच. हातानं ओढलेली असेल तरच जाणार."

"मग काय बिघडलं? आपन हातानंच ओढतो."

अंकुर भिंतीला टेकून नखं बघत होता. अब्दुर्रहमान कैनातकडे बघत होता, कैनात जयदेवच्या पाठीकडे. चंद्राबाईनं आयुष्यभर मासळी विकली होती. गिऱ्हाइकानं डोळे फिरवले की पुढं काय येतं ते तिला कळायचं.

"काकी," अब्दुर्रहमान म्हणाला, "होडीवर विंच बसलीये."

"कोनी बसवली?"

"मी," अंकुर म्हणाला. "पेपरात आलं जिंकलो म्हणून. मला वाटलं आता टेन्शन नाही. धनत्रयोदशी आहे, चांगला दिवस आहे, म्हणून बसवली."

"मना न विचारता."

"विचारलं असतं तर तू नायच म्हणाली असतीस ना."

हे चंद्राबाईलाही माहीत होतं. तिनं मोर्चा अब्दुर्रहमानकडे वळवला. "शेट, आता?"

अब्दुर्रहमाननं शेट ऐकलं आणि घाईघाईनं मनातला बेत मांडला. "साधी गोष्ट आहे. बोल्ट काढायला वेळ नसेल तर वर जाळं टाकायचं, त्याच्यावर ताडपत्री. साहेब देशावरचा आहे, त्याला होडीतलं काय कळतंय. तो जाळ्याकडे बघेल, तुम्ही हातानं ओढा. झालं."

"अब्बा, फॉर्मवर सही कोणाची असते?"

"माझी. आणि त्याची."

"आणि वर काय लिहिलेलं असतं?"

अब्दुर्रहमाननं ताडपत्रीचा विषय सोडला. मुलीला लॉला घातलं तेव्हा ही फी आपल्यालाच भरावी लागेल हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"लपवायचं नाय," चंद्राबाई म्हणाली. "मी बाजारात शिळी मासळी ताज्याखाली कधी लपवली नाय. अंकुर, पाना घे. काढ ती. दीड वाजेपर्यंत होडी साफ पायजे. यंत्र नाय, लपवाछपवी नाय. जयदेव, तू आनि अंकुर रोजच्यासारखं ओढा. सायेब बगंल, सही करंल."

अंकुर पाना घेऊन उठला. चार बोल्ट होते, तासाचं काम. त्याला वाटलं, सुटलो एवढ्यावर.

"काढा खुशाल," दारातून मीना म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले होते. "पन जाळं कोन ओढंल ते पन सांगा."

"म्हंजे? जयदेव हाय ना."

"त्यांचा हात वर होत नाय. गनपतीपासून."

चंद्राबाई हसली, कारण हे तिला खोटंच वाटलं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा हात. "जयदेव, इकडं बग. उचल हात."

जयदेव पायरीवरून वळला. उजवा हात त्यानं उचलायला घेतला. छातीपर्यंत आला, खांद्याशी आला, आणि तिथं तो हात असा थांबला की जणू वर कोणी फळी ठोकली आहे. जयदेवच्या कपाळावर घाम आला. त्यानं हात खाली घेतला.

"केस डाव्या हातानं विंचरतात," मीना म्हणाली. "शर्टाच्या बाहीत हात मी घालून देते. रात्री शेक देते तेवा दात चावून पडतात, तुमाला ऐकू जाऊ नये म्हनून. गडी लावायचा म्हनाल तर हातानं जाळं ओढायला गडी हाय कुठं? सगळी पोरं तुर्भ्याच्या कंपनीत."

"मना का नाय सांगितलं?"

जयदेवला बोलायला वेळ लागायचा. तो बोलायला लागेपर्यंत समोरच्याचं बोलून झालेलं असायचं, असाच त्याचा जन्म गेला होता. आज कोणी मधे बोललं नाही.

"तू सांगून ठेवलं हुतंस," तो म्हणाला. "यंत्र लागायचं नाय. मंग काय सांगू? विंच मीच पसंत केली आये. ससून डॉकला मीच गेल्तो, दोन रविवार. अंकुर उगाच स्वतावर घेतो."

अंकुर पाना हातात घेऊन उभा. बापाचं गुपित त्यानं तीन दिवस पोटात ठेवलं होतं, आणि आता बापानंच ते ओटीवर ठेवून दिल्यावर त्याला एकदम हलकं आणि थोडं फसवल्यासारखं वाटलं.

मीना कैनातकडे वळली. "पोरी, ते परत वाच. बसून बोलली नाय ते."

कैनातला कळलं आपल्याला कशात ओढलं जातंय. पण तिचाही स्वभाव असा की कागद मागितला तर तो वाचायचाच. "हेतू रास्त आहे. पण ज्यांच्यावर नियम लागू होणार, त्यांच्याशी आधी नीट बोलणी केली नाहीत. त्यांची परिस्थिती वेगळी असेल याचा विचार केला नाही. असा अर्थ आहे."

"आई," मीना म्हणाली, "हे अमेरिकेला बोलले का आपल्या घराला?"

अब्दुर्रहमानला खोकला आला. तो हसू दाबण्याचा होता हे ओटीवरच्या प्रत्येकाला कळलं.

चंद्राबाई कागदाकडे बघत राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण अक्षरं तिच्याकडे उलटी बघतायत असं वाटलं. वीस वर्षांत सुनेनं तिला तोंडावर असं कधी सुनावलं नव्हतं. राग येईल असं तिला वाटलं होतं, तो आला नाही. जयदेवचा हात मात्र तिला सारखा दिसत होता, खांद्याशी थांबलेला.

"त्या शेजारच्यांना किती दिली म्हनालीस?"

"तीन वर्षं."

"आनि आपल्याला?"

"चार महिने."

"मी याला चार मिन्टं पन नाय दिली," चंद्राबाई म्हणाली, आणि उठून पदर खोचला. "अंकुर, पाना ठेव. विंच राहील."

आता खरी गंमत सुरू झाली. सकाळी विंचला हार घालून मिरवणारा अंकुरच पुढं झाला. "नको आजी. नंबर एक आपला आहे. मी काढतो, मी एकटा ओढतो."

"दोन मानसांचं जाळं तू एकटा ओढशील?"

"आई, तसं नाय," मीनाही घाबरली. नवऱ्याचा हात वाचवायचा होता, पण यादीतलं नाव जावं एवढं तिनं मागितलं नव्हतं. "एवढ्या वर्साला कायतरी करू. पुढच्या वर्सापासून..."

"काकी, विचार करा," अब्दुर्रहमान म्हणाला. "पहिली होडी यादीतून निघाली तर तुमची कोलंबी अमेरिकेला नाही. मार्केटच्या भावातच विकावी लागेल."

"मार्केटात मी चाळीस वर्सं बसले, मना भाव सांगू नको. आनि माझ्या एका होडीपायी बाकीच्या सहा अडकल्या तर? कैनात, सायेबाला पयल्याऐवजी दुसरी होडी दाखवली तर चालंल?"

"खरं कारण सांगून दाखवली तर चालावी."

"दुसरी कोनाची?" तिनं विचारलं खरं, पण उत्तर तिच्यासकट सगळ्यांना माहीत होतं.

दुसरी होडी सितारामची. सिताराम म्हणजे चंद्राबाईचा धाकटा दीर. खाडीत जाळं बांधायच्या खुंटांची वाटणी झाली तेव्हापासून, अकरा वर्षं, दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. मधे एक बोळ होता, साडेतीन पावलांचा. या अकरा वर्षांत तो बोळ चंद्राबाईनं एकदाही ओलांडला नव्हता. कोंबडी पलीकडे गेली तरी शेजारणीला पाठवायची.

पाऊण वाजला होता. ती निघाली. अब्दुर्रहमान साक्षीला म्हणून मागे, आणि त्याच्या मागे सगळं घर.

सिताराम अंगणात जाळं शिवत बसला होता. सावली पडली तशी त्यानं मान वर केली. सुई हातातच राहिली.

"वैनी?"

"पानी अडीचला उतरतंय," चंद्राबाई म्हणाली. नमस्कार चमत्काराला वेळ नव्हता, आणि असता तरी तिला जमला नसता. "माझ्या होडीवर यंत्र बसलंय. जयदेवचा खांदा गेला. सायेबाला तुजी होडी दाखवायची हाय."

"माझी? कागदावर तुमचा नंबर एक ना."

"तो मी सोडते."

सितारामनं तिच्याकडे नीट बघितलं. अकरा वर्षं जिच्याशी तो रोज मनातल्या मनात वाद जिंकत आला होता, तिनं समोरून अशी सहज माघार घेतल्यावर त्याला काय करावं कळेना. "आदी सांगायचं हुतं," तो अखेर म्हणाला. "दाढी तरी केली असती. अमेरिका बगनार ना."

"अमेरिका तुजं तोंड नाय बगत, हात बगते."

"हातच एक कमी हाय. पोरगा सासुरवाडीला गेलाय, कोपरखैरण्याला. जाळं ओढायला दुसरा नाय."

"अंकुर देते."

"यंत्रवाला?"

"तोच. दोन हात हायत त्याला, बगून घे."

सिताराम उठला. घरात तोंड घालून बायकोला म्हणाला, "चहा नंतर. वैनी घाईत हाय." अकरा वर्षांचं भांडण एवढ्यावर मिटलं, आणि घाई नसती तर ते मिटलंच नसतं.

साहेब दोनला पाच कमी असताना आला. हौसेराव, कराडकडचा, माळकरी, बुटांत पायमोजे घातलेला. मासळी खात्यात येऊन त्याला सात महिने झाले होते आणि वास अजून सवयीचा झाला नव्हता. जेटीवर त्याला सगळ्यात आधी दिसला तो झेंडूचा हार.

"हे काय आहे?"

अब्दुर्रहमान तोंड उघडणार इतक्यात चंद्राबाई पुढं झाली. "यंत्र. आज बसवलंय. अजून एकदा पन चाललेलं नाय, पन उद्यापासून चालंल. म्हनून ही होडी तुमी बगू नका. यादीतली दुसरी बगा. तिच्यावर जाळं ओढायचं यंत्र नाय, हुतं पन नाय."

हौसेरावांना नोकरीत लोकांनी लपवलेल्या गोष्टी शोधायचं शिक्षण मिळालं होतं. न लपवलेल्या गोष्टीचं काय करायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. ते जेटीवरून दोनदा सितारामच्या होडीपर्यंत जाऊन आले. तिच्या ताडपत्रीखाली डोकावले, इंजिन फक्त होडी चालवायचंच आहे याची खात्री केली, दोर ओढून बघितला. "बाई, तुमची होडी यादीतून जाईल. मी काही करू शकणार नाही."

"तुमाला करायला सांगितलंच नाय. बसा होडीत, पानी चाललंय."

"मला पोहता येतं," हौसेराव कोणी न विचारता म्हणाले. "विहिरीत."

होडी सव्वादोनला सुटली. अंकुरला वाटलं होतं, चिडचिड होईल. पण नेरूळचे टॉवर मागे पडले, खाडीचं तोंड रुंद झालं, तशी त्याला चक्क गंमत वाटायला लागली. जिनिव्हात ज्याच्यावरून चार देश भांडले ते काम आता तो करणार होता. समोर हौसेराव लाइफ जॅकेटमध्ये फुगून बसले होते, एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात होडीची कड.

खुंटापाशी पोचून जाळं बांधल्यावर पाणी थांबायची वाट बघावी लागली. पाण्याची ओढ संपली, खाडी क्षणभर आरशासारखी झाली, आणि सिताराम म्हणाला, "हं."

अंकुरनं दोर धरला. ओला दोर, मागे जाळ्याचं सगळं ओझं, चिखल, पाणी, मासळी. पहिल्या दहा हातांत काही वाटलं नाही. पंधराव्याला तळवे पेटले. पंचविसाव्याला उजव्या खांद्यात आतून कोणीतरी खिळा ठोकला, आणि तेव्हा त्याला कळलं की बापाचा हात नेमका कुठं थांबतो. त्यानं तोंडातून आवाज काढला नाही. काढला असता तर सितारामनं सगळ्या गावात सांगितलं असतं.

"थांबायचं का?" सितारामनं विचारलं.

"तुमी थकलाव का?"

"मी? मी अकरा वर्सं तुज्या आजीचा राग ओढतोय."

जाळं वर आलं. पिशवी सोडली तशी कोलंबी होडीच्या तळाशी सांडली, उड्या मारत, काचेसारखी. हौसेरावांनी माळ शर्टाच्या आत घातली आणि वाकून बघितलं. खायची नव्हती, पण चेहऱ्यावर कौतुक आलं ते त्यांना लपवता आलं नाही.

"कासव येतं का कधी?"

"वर्सातून एकांदं," सिताराम म्हणाला.

"मग काय करता?"

"कुंकू लावून सोडतो. देवाचं असतं."

हौसेरावांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. "कुंकू कुठल्या रकान्यात लिहू?"

"इतर शेरे असंल ना कुठंतरी."

ते हसले. सातशे वीस किलोमीटर पसरलेल्या किनाऱ्यावरच्या नोकरीत ते पहिल्यांदाच हसले असावेत. मग त्यांनी ओळ लिहिली: जाळे पूर्णपणे मानवी श्रमाने ओढताना समक्ष पाहिले. वेळ लिहून खाली सही केली, आणि भरतीचं पाणी चढल्यावर होडी परत फिरली.

जेटीवर गाव उभं होतं. बाकीच्या पाच होड्यांचे मालक पुढं, बायका मागे, अब्दुर्रहमान येरझाऱ्या घालत. होडी टेकायच्या आतच अंकुरनं तळवे वर करून दाखवले, लाल, सोललेले, आणि दोन बोटांनी सहीची खूण केली. एकच गलका झाला. कोणीतरी उरलेले फटाके आणायला पळालं.

फॉर्म व्हॅनच्या बॉनेटवर पसरला. कैनातनं सगळा मजकूर दोनदा वाचला, मगच अब्दुर्रहमाननं आपली सही केली. हौसेरावांनी यादीवर पट्टी ठेवून पहिल्या ओळीवर सरळ रेघ ओढली. मग पेन पुढं केलं.

"खाडाखोड झाली की शेजारी सही लागते. ज्याचं नाव खोडलं त्याची."

जयदेव काहीतरी बोलणार होता. चंद्राबाईनं त्याला बोलू दिलं, वाट बघत थांबली.

"आये, पुढच्या वर्साला बगू," तो म्हणाला.

"बसून बगू," ती म्हणाली.

प्रौढ साक्षरतेच्या वर्गात ती सही करायला शिकली होती, आणि राहत्या घराच्या कागदांखेरीज ती कुठं केली नव्हती. तिनं पेन घट्ट धरलं. च काढला, त्याच्यावर अनुस्वार ठेवला, थांबली, मग उरलेलं पूर्ण नाव एका दमात लिहिलं. अक्षर रेघेबाहेर गेलं.

"काकी," अब्दुर्रहमान म्हणाला, "बाकीच्या सहा जणांची नुसती नावं आहेत. कागदावर सारसोळ्याची सही एकच जातेय."

"कुठली?"

"तुमची."

चंद्राबाईनं खोडलेल्या नावाकडे बघितलं, मग सहीकडे. "वाचतील का तिकडं?"

"सगळं वाचतात," कैनात म्हणाली.

मागे पाण्यात धडधड सुरू झाली. जयदेव केव्हा होडीवर गेला ते कोणी पाहिलं नव्हतं. डाव्या हातानं त्यानं इंजिनचा पट्टा विंचवर चढवला होता, विंच फिरत होती, आणि रिकामा दोर आपोआप गुंडाळला जात होता. हार एका बाजूला लोंबत होता. जयदेव नुसता बघत उभा होता, दोन्ही हात खाली सोडून.

मीना सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आवाज लय करते," चंद्राबाई म्हणाली.

"बंद करायला सांगू?"

"नको. चालू दे."